मनावरचे मळभ

पाऊस नाही, ऊनही नाही, आभाळ नुसते झाकोळलेले; याला आपण मळभ म्हणतो. मनावरही मळभ येते.

२१ डिसेंबरला मुंबईत दिवस जवळजवळ ११ तासांचा असतो. लंडनमध्ये तो पुरता ८ तासांचाही नसतो. शाळेतून घरी येतो तोवर दिवेलागण होते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला नाही की शरीराचे घड्याळ मागे पडते. झोप सरत नाही, सारखे गोड खावेसे वाटते, कशात मन रमत नाही. दर हिवाळ्यात परतणारी ही उदासी डॉ. नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ साली अमेरिकेत आजार म्हणून मांडली. तिचे इंग्रजी लघुनाव 'सॅड'. किती चपखल!

तेव्हा पुण्याहून आलेली आजी जानेवारीत गप्पगप्प झाली, तर 'थंडी बाधली' म्हणून आपण सोडून देऊ नये. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. तिला कोट-मफलर घालून सकाळीच बागेत न्यावे. तरीही उदासी हटली नाही तर जीपींना सांगावे.

ड जीवनसत्त्वाला मात्र हिवाळ्यातले ऊन पुरत नाही. त्यासाठी रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, असे एनएचएस सांगते.