लिनक्सवर गेम : फुकट की मुक्त?



होस्टेलमध्ये लिनक्सचं नाव काढलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "त्याच्यावर गेम चालत नाहीत." दुसरं, "त्याच्यावर सगळं फुकट असतं." दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत, आणि या अर्धवट माहितीची किंमत मी स्वतः मोजली आहे, रोख ७९९ रुपये. म्हणून हा लेख. लॅपटॉपवर गेम म्हणजे निव्वळ टाइमपास, असं ज्या सर-मॅडमना वाटतं त्यांनीही तो वाचावा अशी विनंती, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरातला थोडाफार सिलॅबस यात येऊन जातो.

विषय आत्ताच का? तर १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. आपल्याकडचे बरेच लॅपटॉप दादा-ताईकडून आलेले किंवा सेकंडहँड घेतलेले. विंडोज ११ च्या अटींत ते बसत नाहीत. मग उबुंटू नाहीतर मिंट टाकायचं, हा सोपा मार्ग. मीही तेच केलं. अभ्यासाचं सगळं सुरळीत झालं, अडलं ते गेमपाशी.

माझे ७९९ रुपये

सेकंड इयरला आमच्या विंगमधल्या सगळ्याजणी एक ऑनलाइन गेम खेळायच्या. मलाही खेळायचा होता. संध्याकाळचा चहा-वडापाव बंद करून पैसे जमवले आणि स्वस्तात कोड विकणाऱ्या एका साईटवरून गेम घेतला. रोजच्या डेटा पॅकमधून तो उतरवायला जवळजवळ महिना गेला. शेवटी चालू केला. लोगो आला, संगीत वाजलं, मेनू दिसला. मॅच सुरू करायचं बटण दाबलं की गेम बाहेर फेकायचा. दहा वेळा दाबलं, दहा वेळा तेच. एकदा वापरलेला कोड परत घेत नाहीत, हे नंतर कळलं. घरी सांगायची हिंमत झाली नाही.

रूममेट म्हणाली, "विकत कशाला घेतेस? क्रॅक टाक ना!" तिने तसंच केलं, तिच्या विंडोजवर. चार रूम फिरून आलेला पेनड्राइव्ह लावला. मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनला दोन दिवस होते. सकाळी बघतो तर एकही फाईल उघडेना. पुढच्या दोन रात्री मी रफ वहीतून वाचत होते आणि ती रिपोर्ट पुन्हा टाइप करत होती. सर्किटचे फोटो तर गेलेच. म्हणजे मी पैसे देऊन फसले आणि ती पैसे न देता. तेव्हा ठरवलं, आता हा विषय नीट अभ्यासायचा.

गेम अडतो कुठे?

गेमची फाईल म्हणजे प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना. प्रोसेसर तोच आहे, इंटेलचा किंवा एएमडीचा. त्याला विंडोज काय आणि लिनक्स काय, सारखंच. पण गेमला फाईल उघडायची असते, आवाज काढायचा असतो, स्क्रीनवर चित्र काढायचं असतं. त्यासाठी तो ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो, आणि ती हाक विंडोजच्या भाषेत असते. चित्रांसाठीची भाषा म्हणजे डायरेक्टएक्स. लिनक्सला ही भाषा येत नाही, म्हणून गेम अडतो.

इथे मला आमची आजी आठवते. बँकेत जाताना ती मला बरोबर नेते. साहेब परप्रांतातले, आजी अस्सल मराठवाड्यातली. मी आजीचं काम करत नाही आणि साहेबांचंही करत नाही. एकीचं म्हणणं दुसऱ्याच्या भाषेत सांगते, एवढंच. १९९३ मध्ये सुरू झालेला 'वाईन' हा मुक्त प्रकल्प नेमकं हेच करतो. गेमने विंडोजच्या भाषेत मारलेली हाक तो लिनक्सच्या भाषेत पोचवतो. खोटा प्रोसेसर उभा करावा लागत नाही, म्हणून वेग फारसा कमी होत नाही.

वाईनला जोड मिळाली 'डीएक्सव्हीके'ची. डायरेक्टएक्सच्या हाका 'व्हल्कन' नावाच्या ग्राफिक्स भाषेत बदलणारा हा प्रोग्रॅम. ऑगस्ट २०१८ मध्ये वाल्व्ह कंपनीने कोडवीव्हर्सच्या मदतीने हे सगळं एकत्र बांधून 'प्रोटॉन' या नावाने आपल्या स्टीम या दुकानात आणलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं. तेही लिनक्सवरच चालतं.

मग माझा गेम का चालला नाही? कारण त्यात अँटी-चीट होतं. कोणी फसवून खेळत नाही ना, हे बघणारा हा वॉचमन. काही अँटी-चीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतात. मधला दुभाषी दिसला की त्यांना संशय येतो. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स आधी चालायचा, २०२४ मध्ये त्यांनी लिनक्सवाल्यांना बंद केलं.

पैसे कोणी दिले?

आता 'फुकट' या शब्दाकडे येऊ. लिनक्स मुक्त आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही बघावा, बदलावा, वाटावा. पण त्यावर चालणारा प्रत्येक गेम फुकट असला पाहिजे, असं त्यात कुठेच नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. विंडोजचे नावाजलेले गेम घ्यायचे, ते लिनक्ससाठी नव्याने तयार करायचे आणि विकायचे, हा त्यांचा धंदा. काम उत्तम होतं, पण गिऱ्हाईक पुरेसं मिळालं नाही. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. लिनक्सवाले गेमला पैसे देत नाहीत, हा शिक्का तेव्हापासून जास्तच पक्का झाला. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांचं 'एसडीएल' मात्र मागे राहिलं. मुक्त असल्यामुळे ते कंपनीबरोबर बुडालं नाही, आणि आजही असंख्य गेम त्यावर उभे आहेत.

मे २०१० मध्ये हम्बल इंडी बंडल आलं. काही गेमचा गठ्ठा, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारा. किंमत तुम्ही ठरवा, अगदी नाममात्र दिली तरी चालेल. निकाल काय लागला असेल? लिनक्सवाल्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट पैसे दिले! जमा झालेली रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर त्यातल्या चार गेमचा कोडही खुला करायचं ठरलं. १४ फेब्रुवारी २०१३ ला स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आलं. स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान दिसतो, पण तो पैसे देणाऱ्यांमुळे वाढला. लिनक्सवर प्रोटॉनने खेळलेला गेम लिनक्सची विक्री म्हणूनच धरला जातो, असं वाल्व्हने २०१८ मध्येच सांगितलं आहे. म्हणजे आपले पैसे हे एका अर्थी मतदान आहे. क्रॅक टाकणाऱ्याचं मत मोजलंच जात नाही.

पुण्याची राजी

लांबचं कशाला, पुण्याचंच उदाहरण घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. भावाला शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी त्याची नायिका आहे. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. काम चालू ठेवण्यासाठी एका संस्थापकाने आपला फ्लॅट विकला. शेवटी २०२० मध्ये गेम बाजारात आला.

हे वाचल्यावर मला पेनड्राइव्हची लाज वाटली. आपल्यासारखेच इंजिनिअरिंग आणि डिझाइनवाले लोक घर विकून गेम बनवतात आणि आपण तो रूम नंबर बारामधून कॉपी करून घेतो.

राजीची वेगळी लिनक्स आवृत्ती नाही. पण तो एकट्याने खेळायचा गेम आहे, ऑनलाइन स्पर्धेची भानगड नाही. मी तो सेलमध्ये घेतला आणि प्रोटॉनवर चालवला. पहिली काही मिनिटं अडखळला, मग नीट चालला. हे अडखळणं बिघाड नसतो. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डसाठीचे छोटे प्रोग्रॅम पहिल्यांदा तयार होताना वेळ लागतो, नंतर ते साठवलेले असतात.

घेण्याआधी काय तपासायचं?

१) प्रोटॉनडीबी ही साईट बघा. खेळणाऱ्यांनी स्वतः दिलेले अनुभव तिथे असतात. नुसती पदवी बघू नका, आपल्यासारखंच ग्राफिक्स कार्ड असलेल्याने काय लिहिलंय ते वाचा.

२) गेम ऑनलाइन असेल तर अँटी-चीट कोणतं आहे आणि ते लिनक्सवर चालू ठेवलंय का, हे आधी शोधा. मी चुकले ते इथेच.

३) लॅपटॉप व्हल्कन चालवतो का बघा. नवीन डीएक्सव्हीकेला व्हल्कन १.३ लागतं. इंटेलचं आतलं ग्राफिक्स असेल तर ढोबळमानाने सहाव्या पिढीपासून पुढे काळजी नाही, त्याआधीच्यांना त्रास होतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंपनीचा ड्रायव्हर टाकून घ्या.

४) गेम लिनक्सच्याच पार्टिशनवर टाका. विंडोजच्या डी ड्राइव्हवर, म्हणजे एनटीएफएसवर टाकला तर प्रोटॉन बऱ्याचदा रुसतो.

५) परतीची अट वाचा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. कोड विकणाऱ्या बाहेरच्या साईटवर ही सोय धरून चालू नका.

६) नेमकं काय विकत घेतोय ते समजून घ्या. स्टीमवर आपण गेम वापरायचा परवाना घेतो, आणि २०२४ पासून पैसे भरताना तसं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. जीओजी या दुकानात गेमचा इन्स्टॉलर उतरवून जवळ ठेवता येतो, त्याला कुलूप नसतं. नेटचा भरवसा नसलेल्यांना हे जास्त सोयीचं.

डेटा पॅकचं गणित

पाचव्या मुद्द्यात एक खाच आहे. समजा गेम ४० जीबीचा आणि रोजचा डेटा दीड जीबी. ४० भागिले १.५ म्हणजे जवळपास २७ दिवस. गेम उतरेपर्यंत परतीचे १४ दिवस संपलेले! म्हणून आधी उतरवायची सोय बघा, मगच पैसे भरा. सुट्टीत घरी किंवा नातेवाईकांकडे ब्रॉडबँड असेल तेव्हा घेणं उत्तम.

दुसरा उपाय होस्टेलमध्येच आहे. २०२३ पासून स्टीममध्ये एकाच लोकल नेटवर्कवरच्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेम पाठवता येतो. दोघांनीही तो विकत घेतलेला हवा, आणि सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते. फाईल थेट एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर जात असल्याने नेटचा पॅक त्यासाठी खर्च होत नाही. गिगाबिटची लॅन केबल असेल तर ४० जीबीला हिशोबाने साडेपाच मिनिटं लागतात. हार्डडिस्क जुनी असेल तर जास्त.

आणि खिशात काहीच नसेल तर? तरी चोरीची गरज नाही. सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत लॅनवर मिळून खेळता येते. झीरो ए.डी. मध्ये मौर्यांचं सैन्य घेऊन राज्य उभारता येतं. बॅटल फॉर वेस्नॉथ तर २००३ पासून चालू आहे. हे सगळे मुक्त आहेत आणि फुकटही. यांचा कोड वाचला तर एखादा सेमिनारही होऊन जाईल.

शेवटी

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा मंजूर आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी रुपयांना मान्यता दिली. अमेरिकेतल्या दोन्ही लायगो वेधशाळांमध्ये यंत्रांचं नियंत्रण आणि माहितीचं विश्लेषण लिनक्सवर चालतं. गेम चालवायला म्हणून मी ड्रायव्हर, पार्टिशन, परवाना हे शब्द शिकले. उद्या औंढ्याला कोणी कामाला घेतलं तर हेच शब्द उपयोगी पडतील, कोणी सांगावं!

माझे ७९९ रुपये परत आले नाहीत. पण गेल्या महिन्यात रूममेटने तिच्या लॅपटॉपवरही मिंट टाकलं, आणि पहिला गेम घेण्याआधी मला विचारलं, "अँटी-चीट बघितलंस का गं?" तेवढ्यावर मी समाधानी आहे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी