कोक आणि पिच

ॲल्युमिनियमचें एखादें पातेलें नाहीं असें घर विरळा. हा धातु स्वस्तांत मिळविण्याची रीत १८८६ सालीं अमेरिकेंत चार्ल्स हॉल व फ्रान्समध्यें पॉल हेरू यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढिली. तींत वितळलेल्या क्षारांत ॲल्युमिना विरघळवून विजेचा प्रवाह सोडितात. तो आंत नेण्यास कर्बाचे मोठे ठोकळे लागतात. त्यांस धनाग्र म्हणतात. ते कसे घडतात, हें आपण पाहूं.

ठोकळ्याचा मुख्य भाग म्हणजे खनिज तेल शुद्ध करितांना मागें उरणारा कोक. तो प्रथम १२०० अंशांहून अधिक उष्णतेवर भाजतात व दळून जाड, मध्यम आणि बारीक कण ठराविक प्रमाणांत मिसळितात. परंतु कोरडे कण आपण होऊन एकमेकांस धरीत नाहींत. त्यासाठीं दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारी पिच घालावी लागते. शंभर भागांत तिचे सुमारें चौदा-पंधरा भाग असतात.

संक्रांतीचे लाडू वळणाऱ्या गृहिणीस यांतील मर्म सहज कळेल. पाक निवाला तर तो तिळास लागत नाहीं. कमी पडला तर लाडू फुटतो. पिचही तशीच. ती तापून पातळ झाली म्हणजेच प्रत्येक कणास भिजविते व त्याच्या छिद्रांत शिरते. ती कमी पडल्यास ठोकळा भुसभुशीत होतो. अधिक झाल्यास भाजतांना फुगतो किंवा तडकतो.

येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. लाडवांतील गूळ गूळच राहतो. पण ठोकळा सुमारें ११०० अंशांपर्यंत भाजला म्हणजे पिचचा कांहीं अंश वायुरूपानें निघून जातो व उरलेली पिच स्वतःच कर्ब बनते. हा नवा कर्ब मूळच्या कोकपेक्षां लवकर जळतो. त्यामुळें भट्टींत आधीं बंधन जळतें, आणि सुटलेले धडधाकट कण न जळतांच रसांत गळून पडतात. हिशेबाप्रमाणें शंभर किलो ॲल्युमिनियमला तेहतीस किलो कर्ब पुरावा. प्रत्यक्षांत चाळीस किंवा अधिक लागतो. या जास्तीच्या खर्चांत अशा गळतीचाही वाटा असतो.

शिवाय पिचच्या वाफांत कर्करोग उत्पन्न करणारीं द्रव्यें असतात. म्हणून त्या कामगारांच्या श्वासांत जाऊं न देतां कोंडून, शोषून घेणें अवश्य आहे.

भिंतीचें बळ विटांत असतें तितकेंच चुन्यांतही असतें. विद्यार्थ्यांनीं एखादी मजबूत वस्तु पाहतांना तिचे कण कशाचे, एवढेंच न विचारितां ते कशानें धरले आहेत, हेंही विचारावें, असें आम्ही सुचवितों.