पैठणीचे नाव आणि विणकराचा हक्क

नाशिक जिल्ह्यातील येवले हे पैठणीच्या विणकामाचे प्रमुख केंद्र होय. हातमागावरील एक पैठणी पूर्ण होण्यास कित्येक आठवडे, आणि नक्षी भरगच्च असल्यास कित्येक महिनेही लागतात. त्याच वेळी यंत्रमागावर अल्पावधीत निघालेली साडी 'पैठणी' म्हणून थोड्या किमतीत विकली गेली, तर विणकराच्या श्रमाचे मोल कमी होते. या संकटावर कायद्यात उपाय आहे. तो समजून घेणे अगत्याचे आहे.

नव्या शोधासाठी पेटंट २० वर्षांपुरते मिळते. नव्या आकृतीसाठी डिझाइनची नोंद प्रथम १० वर्षांसाठी होते व ती आणखी ५ वर्षे वाढविता येते. पैठणीवरील मोर, कमळ आणि असावली ही नक्षी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती नवी नाही. व्यापारचिन्ह बहुधा एखाद्या व्यापाऱ्याचा माल इतरांपासून वेगळा ओळखण्यासाठी असते. 'पैठणी' हे नाव अशा रीतीने एकाच्याच स्वाधीन झाले, तर इतर विणकर त्याला मुकतील.

म्हणूनच भौगोलिक मानांकनाची तरतूद आहे. वस्तूचे गुण, लौकिक किंवा वैशिष्ट्य विशिष्ट प्रदेशाशी निगडित असेल, तर तिचे नाव तेथील उत्पादकांसाठी राखले जाते. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांताबाहेरील फेसाळ वाइनला युरोपीय संघात 'शॅम्पेन' म्हणता येत नाही, ते याच तत्त्वावर. भारतात यासंबंधीचा कायदा १९९९ साली संमत झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्याची नोंदणी कचेरी चेन्नई येथे आहे. दार्जिलिंग चहा ही पहिली नोंद २००४ साली झाली. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा आणि पैठणी यांनाही पुढे हे मानांकन मिळाले.

नोंद उत्पादकांच्या संघटनेच्या किंवा तत्सम संस्थेच्या नावे होते. ती १० वर्षे टिकते व तिचे नूतनीकरण करता येते. हा हक्क विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. मात्र संस्थेची नोंद झाली म्हणजे प्रत्येक विणकराचे काम संपले, असे नाही. त्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र अर्ज करावयाचा असतो. अशी नोंद असलेल्या विणकराला आपल्या मालावर ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क मिळतो आणि नावाचा गैरवापर झाल्यास दाद मागता येते. खोटे मानांकन लावणाऱ्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे.

ग्राहकासही एक साधी परीक्षा करता येते. पदर उलटून पाहावा. हातमागावरील अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरील नकलेत उलट बाजूस सुटे धागे बहुधा आढळतात.

मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून विणकराच्या पदरात काही पडत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावोगावच्या विणकरांना आणि शेतकऱ्यांना या नोंदणीची माहिती द्यावी व अर्ज भरण्यास साहाय्य करावे. नाव सर्वांचे आहे. त्याचा हक्क मात्र प्रत्येकाने आपल्या नावे नोंदवून घ्यावा लागतो.