वायर जोडण्याआधी ॲरे बघ

चि. मुक्ता हिस,


लिथियम सेलची डिस्चार्ज टेस्ट तू लॅबव्ह्यूमध्ये बसवते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. ग्राफवर रेघांचं नुसतं जाळं झालंय आणि सगळे तुला सेन्सर तपासायला सांगताहेत, असं लिहिलंस. सेन्सरला इतक्यात हात लावू नकोस. तू पाठवलेल्या फोटोत ग्राफचा आडवा अक्ष शून्य ते दोन एवढाच आहे. दुखणं तिथंच आहे.

फॉर लूपमध्ये तू दर सेकंदाला व्होल्टेज, करंट आणि तापमान घेतेस, बिल्ड ॲरेने तिघांना एकत्र करतेस आणि लूपच्या कडेतून बाहेर काढतेस. तिथं ऑटो-इंडेक्सिंग चालू असतं, त्यामुळे प्रत्येक फेरीची एक ओळ बनते. तासाभराच्या टेस्टमध्ये ३६०० ओळी आणि ३ स्तंभ झाले. वेव्हफॉर्म ग्राफ मात्र एका ओळीची एक रेघ धरतो. त्याने तीन-तीन बिंदूंच्या ३६०० रेघा इमानदारीत काढल्या. ग्राफवर राइट क्लिक करून ट्रान्सपोज ॲरे निवडलंस तरी काम होईल, पण मी ब्लॉक डायग्रामवर ट्रान्सपोजचं फंक्शन टाकायला सांगेन. उद्या तुझा प्रोजेक्ट पुढच्या बॅचकडे गेला, की डायग्राम वाचणाऱ्याला ते दिसेल. राइट क्लिकमधली टिकखूण कुणी उघडून बघत नाही.

लूप चालू असतानाच रेघा सरकताना बघायच्या असतील, तर वेव्हफॉर्म चार्ट घे. तिथं तिन्ही आकडे बंडलने क्लस्टर करून दे. बिल्ड ॲरे दिलंस, तर चार्ट त्यांना एकाच रेघेचे लागोपाठचे तीन बिंदू समजेल, आणि ३.९, १.५, ३१, पुन्हा ३.९ अशी करवतीच्या दात्यांसारखी रेघ येईल. कितीतरी मुलं हा नॉइज समजून फिल्टर लावत बसतात.

आता तापमानाकडे ये. थर्मोकपलचं रीडिंग पुढे दर दहा सेकंदांनी एकदाच घेणार आहेस ना? मग त्याचे ३६० आकडे होतील आणि व्होल्टेजचे ३६००. हे दोन ॲरे बिल्ड ॲरेमध्ये घातलेस, तर लॅबव्ह्यू लहान ओळीच्या शेपटाला शून्यं जोडून लांबी जुळवतं. एरर येत नाही. वायर तुटत नाही. गरम होत चाललेला सेल मधेच शून्य अंशावर कोसळलेला दिसतो, आणि ऑटोस्केल चालू असला की त्या शून्यासाठी बाकीचा ग्राफ दबून जातो. म्हणून प्रत्येक राशीचा वेगळा क्लस्टर कर: सुरुवातीची वेळ, दोन रीडिंगांमधलं अंतर, आणि मग आकड्यांचा ॲरे. व्होल्टेजला अंतर १ दे, तापमानाला १०. या क्लस्टरांचा ॲरे करून ग्राफला दे; लांबी कमी-जास्त असली तरी चालते आणि दोन्ही रेघा एकाच वेळेवर बसतात. रीडिंगांमधलं अंतरच अनियमित असेल, तर एक्सवाय ग्राफ घेऊन वेळेचा ॲरे सोबत दे.

आता उभ्या अक्षाकडे ये. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये इंग्लंडची डेन्मार्क-नॉर्वेशी झालेली आयात आणि निर्यात एकाच चित्रात दोन रेघांनी दाखवली. दोन्ही पौंडांत होत्या, म्हणून एक मापपट्टी पुरली. तुझं तसं नाही. सेल ४.२ व्होल्टवरून ३ पर्यंत उतरतो आणि तापमान चाळिशीकडे जातं. एकाच अक्षावर टाकलंस तर डिस्चार्जच्या शेवटी व्होल्टेजला येणारा बाक दिसणारच नाही, आणि तुझी सगळी टेस्ट त्या बाकासाठीच आहे. वाय अक्षावर राइट क्लिक करून डुप्लिकेट स्केल कर, नवा अक्ष उजवीकडे ने, आणि प्लॉट लेजंडमधून तापमानाची रेघ त्याला जोड. अक्षावर एकक लिही. एक मात्र सांभाळ: दोन अक्ष आले की रेघा कुठे छेदतात ते तू निवडलेल्या मापपट्टीवर ठरतं, तेव्हा त्या छेदबिंदूवरून रिपोर्टमध्ये काही अनुमान काढू नकोस. तशी ओढ वाटत असेल तर चार्टमधलं स्टॅक प्लॉट्स वापर; प्रत्येक राशी आपापल्या खणात राहते.

सेल जोडण्याआधी लूपमध्ये तुझ्या माहितीचे आकडे सोड: व्होल्टेजच्या जागी उतरती सरळ रेघ, करंटच्या जागी स्थिर १.५, तापमानाच्या जागी साइन. कोणती रेघ कुठे उमटते ते बघ, लेजंडमधली नावं त्याच क्रमाने लिही. वायरवर राइट क्लिक करून इंडिकेटर तयार कर आणि ॲरेचे पहिले दोन-चार आकडे डोळ्यांखालून घाल. एवढं झालं की मला ब्लॉक डायग्रामचा फोटो पाठव, ग्राफचा नको. रविवारी सकाळी फोनवर बसून बघू.

तुझी,
मावशी