बुरशी पुसण्याआधी पाणी शोध

अगं, आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. कपाट सरकवलं आणि मागच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसले, गोधड्यांच्या उतरंडीतल्या खालच्या घडीला कुबट वास आला, देवाच्या तसबिरीमागं भुरी चढलेली सापडली, म्हणून तू घर नीट ठेवत नाहीस असं ठरत नाही. आपल्याकडं भिंतीला बुरशी आली की पहिलं बोट सुनेकडं जातं. घराला हात लागत नाही, झाडलोट वरवरची आहे, असं कुणीतरी बोलून जातं. मग ती बिचारी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ओल्या फडक्यानं भिंत पुसते, वर कॅलेंडर टांगते आणि काही दिवसांनी ठिपके कॅलेंडरच्या कडेनं पुन्हा बाहेर येतात.

झाडून जाणारी गोष्टच नाही ही. बुरशीची सूक्ष्म बीजं हवेत सगळीकडं असतात, तुझ्या घरात आहेत तशी गावातल्या सगळ्यात टापटीप घरातही. रुजतात मात्र जिथं ओल टिकते तिथंच. चुन्याचा हात मार, महागडा रंग लाव, आत पाणी येत राहिलं तर ती परत येणार. म्हणून माझं सांगणं एकच: बुरशी पुसण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोध.

तू म्हणशील, ताई, चौसाळ्यात कसली आलीय ओल? बीड जिल्हा, बालाघाटाचा माथा, वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही कधी दडी मारेल त्याचा नेम नाही. १९७२ चा दुष्काळ थोरल्यांच्या तोंडून ऐकलेला, २०१३ आणि २०१६ चे आपण स्वतः काढलेले. ओल म्हणजे कोकणातल्या लोकांचं दुखणं, असंच आपण धरून चालतो.

इथंच फसगत होते बघ. पाणी कमी, म्हणून आपण ते साठवतो आणि साठवतो ते घरातच. नळाला रोज पाणी येत नाही. मग मोरीत हौद, चुलीजवळ पिंप, दाराआड ड्रम, स्लॅबवर काळी टाकी. हौदाला केसाएवढी चीर गेली तरी पाणी पातळीनं फारसं उतरत नाही, पण भिंतीत मुरत राहतं. ते दिसतं कुठं, तर भिंतीच्या पलीकडच्या खोलीत, जिथं तू धान्याच्या कोठ्या आणि लग्नातली पेटी ठेवलेली असतेस. अशी ही दुष्काळी मुलखातली ओल घरातल्या घरात तयार होते. आणि पाऊस येतो तेव्हा असा येतो की विचारू नकोस. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं, मांजरा, सिंदफणा, सीना पात्राबाहेर गेल्या. त्या पाण्यात भिजलेल्या भिंती वरून वाळलेल्या दिसल्या, तरी आतून वाळायला महिने लागतात.

घरंही बदलली आपली. पूर्वीची दगडमातीची घरं, वर मातीचं माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तशाच जड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि त्या घरांवरचा भरवसा उडाला. उडाला ते बरोबरच झालं. पण त्या घरांची एक शिस्त होती. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायची, पन्हाळ मोकळी करायची, भिंती लिपायच्या. मातीची भिंत ओल घ्यायची आणि उन्हात सोडूनही द्यायची. आता सिमेंटचं घर झालं, त्याला आपण पक्कं म्हणतो आणि वर कधी चढूनही बघत नाही. घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं. त्याच जागेत स्वयंपाक, त्यातच अंघोळीचं पाणी तापणार, त्यातच पावसाळ्यात दोरीवर कपडे वाळणार. एवढ्या वाफेला जायला वाट कुठाय?

आता नीट ऐक, पाणी भिंतीत चार वाटांनी येतं.

पहिली वाट खालून. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. जोतं बसकं असेल किंवा बांधताना जोत्यावर पाणी अडवणारा थर टाकलेला नसेल, तर दिव्याची वात तेल ओढते तशी वीट जमिनीतलं पाणी वर ओढते. याची खूण म्हणजे गुडघ्यापासून कमरेपर्यंत सुटलेले पोपडे आणि पांढरी खारट पूड. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच.

दुसरी वाट वरून. स्लॅब आणि कठडा जिथं मिळतात तो सांधा, टाकीखालची जागा, पाला अडकून तुंबलेली पन्हाळ. छताला तपकिरी कडांचे डाग पडतात आणि पावसाच्या झडीनंतर एकदम वाढतात.

तिसरी वाट आतली: भिंतीत पुरलेला नळ, मोरीच्या फरशीच्या फटी, हौद. ही ओळखायची असेल तर उन्हाळ्यात बघ. चैत्र-वैशाखात सगळं शिवार वाळून भेगाळतं, तेव्हाही जो डाग ओला राहतो, तो पावसाचा नाहीच. रात्री सगळ्या तोट्या बंद करून हौदाच्या आणि टाकीच्या पाण्यापाशी खूण कर. सकाळी कुणी पाणी घ्यायच्या आत बघ. पाणी खुणेखाली गेलं असेल तर चोर सापडला.

चौथी वाट हवेतली, आणि ही कुणाच्या लक्षातच येत नाही. भाताची वाफ, अंघोळीचं कढत पाणी, माणसांचा श्वास, ओले कपडे. ही दमट हवा गार भिंतीला लागली की तिथं तिचं पाणी होतं. थंडीच्या पहाटे पत्र्याच्या घरात अंथरुणावर थेंब पडतात ते पत्रा फुटला म्हणून नव्हे, आतलीच वाफ गार पत्र्याला लागून टपकते. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं कपाट, दिवाण, पेट्यांची थप्पी यांच्यामागं वारा फिरत नाही, म्हणून तिथंच बुरशी आधी धरते.

कुठली वाट आहे ते कळत नसेल तर एक साधी परीक्षा कर. जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घे, भिंत वरून कोरडी पुसून त्यावर तो चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का चिकटव आणि दोन दिवस राहू दे. काढताना बघ. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ते हवेतलं आहे. याला खर्च काही नाही, आणि गवंड्याशी बोलताना तुझ्या हातात पुरावा राहतो.

इलाज त्या त्या वाटेचा. लोणा लागलेल्या भिंतीवर सिमेंटचा नवा गिलावा मारू नकोस. पाणी आत कोंडतं आणि आणखी वर चढून डोकं काढतं. आधी घराभोवतीची माती आणि राडारोडा जोत्याच्या खाली उतरव, भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी किंवा कोबा करून घे. सांडपाण्याचा शोषखड्डा चांगला, जरूर करा, पण भिंतीपासून निदान दहा फूट लांब. भिंतीतला जुना गिलावा खरवडून विटा मोकळ्या ठेव, चांगल्या सुकू दे, मग चुन्याचा गिलावा दे. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. स्लॅबवर पाणी साचत असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन घालावा लागेल, आणि कठड्याच्या बुडाशी सिमेंटची गोलाई भरून घ्यावी लागेल. हे काम उन्हाळ्यातच करून घे. मृग लागल्यावर गवंडी मिळत नाही आणि मिळाला तरी ओल्या स्लॅबवर काही धरत नाही.

वाफेचा इलाज तुझ्याच हातात आहे. स्वयंपाक करताना वरची खिडकी उघडी ठेव, जमलं तर धूर ओढणारा पंखा बसवून घे. पिंपांना घट्ट झाकणं ठेव. कपाट, पेट्या, कोठ्या भिंतीपासून चार बोटं पुढं ओढ आणि खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या दे. काही सांडलं, गादी भिजली, तर एक-दोन दिवसांत खडखडीत वाळली पाहिजे. त्याहून जास्त ओली राहिली की बुरशी धरायला लागते. नवं घर बांधलं असेल तर घरभरणीच्या घाईत रंग लावू नका. स्लॅबला आणि भिंतींना मारलेलं पाणी अजून आतच असतं. रंगाखाली ते कोंडलं की पहिल्याच पावसाळ्यात फुगे येतात.

पाण्याची वाट बंद झाली की मग पुसायला घे. कोरड्या झाडूनं किंवा ब्रशनं खरवडू नकोस, बीजं घरभर उडतात. नाकातोंडाला चांगला मास्क, हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या, लेकरं बाहेर. साबणाच्या पाण्यानं जागा भिजवून घास, फडकं टाकून दे, भिंत पूर्ण वाळव. तीन फूट लांब, तीन फूट रुंद याहून मोठा पट्टा असेल तर एकटीनं करू नकोस, माहितगार माणूस बोलाव. आणि हे तर पदराला गाठ मारून ठेव: ब्लिचिंग पावडर आणि संडास धुवायचं अॅसिड कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेततो.

तब्येतीचं म्हणशील तर उगाच घाबरू नकोस आणि दुर्लक्षही करू नकोस. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीचं नाव ऐकलं, तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग बघून बायांच्या पोटात गोळा येतो. तो आजार म्युकरमायकोसिस. तो मुख्यतः साखर आटोक्यात नसलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना झाला. भिंतीवर काळं दिसलं म्हणजे तो आजार आला असं नाही. पण घरात मधुमेही माणूस असेल तर बुरशी घासायचं काम त्याला देऊ नकोस. खरा त्रास असतो खोकला, शिंका, डोळे चुरचुरणं आणि दमा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. किती बुरशी चालेल असा आकडा त्यात दिला नाही, घरात ओल टिकूच देऊ नका असं सांगितलं. तुझं लेकरू रात्री घरात खोकतं आणि आजोळी गेल्यावर थांबतं असं दिसलं, तर औषधाच्या बाटल्या बदलण्याआधी डॉक्टरांना घरातली ओलही सांग. आणि बुरशी चढलेल्या शेंगा किंवा दाणे निवडून, भाजून खायचे नाहीत. त्यातलं विष भाजल्यानं जात नाही.

आपल्या बायकांकडं यावर एक जुनी रीत आहेच. घट बसण्याआधी आपण दसरा काढतो. सगळं घर अंगणात येतं, वाकळा-गोधड्या नदीवर जातात, भांडी घासून निघतात, भिंतींवरून हात फिरतो. पावसाचे चार महिने संपताना घर असं रिकामं करणं यापरतं शहाणपण नाही. फक्त यंदा दसरा काढताना रिकाम्या भिंतींकडं नीट बघ. तळहात लावून गार लागते का, बोटानं ठोकल्यावर गिलावा पोकळ वाजतो का, कोनाड्याच्या आत कुबट वास आहे का. जिथं शंका येईल तिथं खडूनं खूण कर आणि ती जागा उन्हाळ्यात पुन्हा बघ.

ज्यांच्या घरची माणसं ऊसतोडीला जातात त्यांनी तर हे करायलाच हवं. दिवाळीच्या आगेमागे कुलूप लागतं ते पार उन्हाळ्यापर्यंत. सप्टेंबरची ओल आत घेऊन घर चार-पाच महिने बंद राहिलं की परत आल्यावर पेटीतली लुगडी, लेकरांची पुस्तकं, रेशनचं कार्ड, सगळ्यावर भुरी. म्हणून जाण्याआधी गोधड्या दोन दिवस कडक उन्हात टाक, हौद रिकामा कर, पिंपं रिकामी करून पालथी घाल, वरची झरोक्याची जाळी उघडी ठेव, कागदपत्रं कोरडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा दार उघडून घरात वारा खेळू द्यायला सांग.

शेवटची गोष्ट तुझ्या-माझ्यातली. घरातल्या पैशाचा निर्णय बहुतेक घरांत पुरुष घेतात, आणि ओलीच्या खोलीत दिवसभर बायका-लेकरं राहतात. रंगाला पैसे निघतात, कारण रंग पाहुण्यांना दिसतो. स्लॅबच्या उताराला निघत नाहीत. तिथं तू गप्प बसू नकोस. प्लॅस्टिकचा तुकडा दाखव, हौदावरची खूण दाखव, लोण्याची पूड बोटावर घेऊन सासऱ्यांच्या समोर धर. मामंजी, यंदा रंग राहू द्या, आधी मोरीचा नळ आणि कठड्याचा सांधा करून घेऊ, असं शांतपणे, पण ठामपणे सांग. दर दिवाळीला रंगावर जाणारा पैसा एकदा नीट दुरुस्तीवर गेला तर पुढची किती वर्षं वाचतील, हा हिशोब त्यांनाही कळतो. आणि शेजारच्या नव्या सुनेच्या भिंतीवर डाग दिसला तर तिच्या कामाला नाव ठेवणाऱ्यांत तू बसू नकोस. तिलाही हेच विचार, पाणी कुठून येतंय गं?