संघनन : एका संज्ञेचे अनेक अर्थ

एका भाषेतील शास्त्रीय संज्ञा दुसऱ्या भाषेत आणणे म्हणजे केवळ शब्दाशेजारी शब्द मांडणे नव्हे. त्या संज्ञेमागे एक संकल्पना आहे की अनेक, याचा निर्णय आधी करावा लागतो. दिल्लीच्या नैर्ऋत्य भागातील रामकृष्णपुरम या सरकारी वसाहतीत असे निर्णय करण्याचे काम अनेक दशके चालत आले आहे. राष्ट्रपतींच्या १९६० च्या आदेशानंतर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे कार्यालय दीर्घकाळ तेथील पश्चिम खंडात राहिले आहे. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी हे आयोगाचे पहिले अध्यक्ष होते. शक्यतो एका संकल्पनेस एकच संज्ञा असावी आणि ती भारतीय भाषांना सामाईक अशा संस्कृत धातूंपासून घडविलेली असावी, हे या कामामागील एक मुख्य तत्त्व. महाराष्ट्रात १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयानेही मराठी परिभाषा कोशांच्या द्वारे असेच कार्य केले.

तत्त्व सरळ आहे; पण मूळ इंग्रजी शब्दच एका संकल्पनेचा नसेल, तर काय करावे? ‘कन्डेन्सेशन’ हा शब्द या अडचणीचे उत्तम उदाहरण होय. लॅटिन भाषेतील ‘दाट’ या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला आणि वाफेपासून स्वप्नापर्यंत सर्वत्र पसरला. भौतिकीत त्यास ‘संघनन’ म्हणतात. मराठी भूगोलाच्या पुस्तकांत ‘सांद्रीभवन’ हा शब्द रूढ आहे. परंतु प्रत्येक ठिकाणी हीच संज्ञा चालेल काय, हे ठरविण्यासाठी तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. जवळ काय येते? बाहेर काय जाते? आणि झालेली क्रिया उलट करून मूळ वस्तू परत मिळविता येते काय?

प्रथम वाफेचा विचार करू. समुद्रसपाटीच्या दाबाखाली एक लिटर पाण्याची १०० अंश सेल्सिअस तापमानास वाफ केली, तर ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. संघननात हे विखुरलेले रेणू पुन्हा निकट येतात. पदार्थ काहीच नाहीसा होत नाही; बाहेर पडते ती उष्णता. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता मुक्त होते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने भाजणे अधिक गंभीर ठरते ते यामुळेच. वाफेत दडलेल्या या उष्णतेस सुप्त उष्णता म्हणतात. १७६५ मध्ये जेम्स वॉट यास वाफ थंड करण्यासाठी स्वतंत्र पात्र, म्हणजे संघनक, ठेवण्याची कल्पना सुचली. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यास संपूर्ण सिलिंडर थंड करून पुन्हा तापविण्याची गरज उरली नाही आणि इंधनाची मोठी बचत झाली.

निसर्गात या क्रियेस आधार लागतो. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते व तिच्यातील बाष्प मिठाच्या व धुळीच्या सूक्ष्म कणांभोवती जमून ढग बनतात. दिल्लीच्या हिवाळ्यातील दाट धुक्यातही असेच घडते. तेथे धुराचे कण हा आधार पुरवितात. सूर्य वर आला की ते धुके विरते, म्हणजे पाण्याची पुन्हा वाफ होते. तेव्हा येथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. उष्णता परत दिली की मूळ स्थिती परत मिळते.

रसायनशास्त्रातील संघनन मात्र वेगळे आहे. तेथे दोन रेणू केवळ जवळ येत नाहीत, तर जोडले जातात आणि त्या वेळी पाण्यासारखा एखादा लहान रेणू बाहेर पडतो. ॲमिनो आम्ले अशी जोडली जाऊन प्रथिने बनतात. अन्न पचताना पाण्याचे रेणू परत घालून हेच बंध तोडले जातात. म्हणजे येथेही क्रिया उलट होऊ शकते. परंतु जे बाहेर गेले ते परत द्यावे लागते, आणि ते उष्णता नसून पदार्थ असते.

सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधील कार्यातून व आइन्स्टाइन यांनी त्याच्या केलेल्या विस्तारातून पुढे आलेले संघनन याहून निराळे. अतिशीत वायूतील असंख्य अणू एकाच न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत गोळा होतात. त्यांचा थेंब बनत नाही. ते ‘जवळ’ येतात ते ऊर्जेच्या दृष्टीने. १९९५ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमच्या वायूत ही अवस्था प्रत्यक्ष मिळविण्यात आली. तेव्हा वायूचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी होते.

काही ठिकाणी मात्र हा शब्द वाचकास चकवितो. पंख्यात बसविला जाणारा ‘कंडेन्सर’ कोणतीही वाफ थंड करीत नाही. वीज हा एक द्रव असून ती दाट करून साठविता येते, अशा समजुतीच्या काळात, १७८२ मध्ये, व्होल्टाने ते नाव योजिले. परिभाषेत आता त्यास ‘धारित्र’ म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यात जुने नाव टिकून आहे. ‘कन्डेन्स्ड मिल्क’ या नावात तर विरोधाभासच आहे. दूध दाट होते ते त्यातील पाण्याची वाफ करून, म्हणजे संघननाच्या नेमक्या उलट क्रियेने. बासुंदी करणाऱ्या मराठी गृहिणीने या क्रियेस ‘आटविणे’ असे अचूक नाव फार पूर्वीच दिलेले आहे. येथे ‘संघनित दूध’ असा प्रतिशब्द वापरला, तर विद्यार्थ्याच्या मनात बाष्पीभवन व संघनन यांचा गोंधळ उडण्याचा संभव आहे.

लेखनाच्या क्षेत्रात संघनन म्हणजे मोठा मजकूर थोड्या शब्दांत आणणे. परंतु याचेही दोन प्रकार आहेत. शाळेत शिकविले जाणारे सारलेखन मूळ उतारा सुमारे एक तृतीयांशावर आणते. त्यात मुख्य मुद्दे राहतात. उदाहरणे, पुनरुक्ती व अलंकार गळून पडतात. केवळ सारांशावरून मूळ उतारा पुन्हा उभा करता येत नाही. याउलट, पाणिनीची सुमारे ४,००० सूत्रे पाहावीत. एका सूत्रातील शब्द पुढील सूत्रांतही गृहीत धरावयाचा, अशा ठरलेल्या संकेतांवर ती रचना उभी आहे. ज्यास संकेत ठाऊक आहेत, त्यास नियम पूर्णपणे उलगडता येतो. ज्यास ठाऊक नाहीत, त्यास भाष्याचा आधार घ्यावा लागतो. पतंजलीचे महाभाष्य याच गरजेतून आले. गीतेचे ७०० श्लोक ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये सुमारे ९,००० ओव्यांत उलगडले, हे उलट दिशेच्या प्रवासाचे मराठीतील थोर उदाहरण होय. अर्थात तो विस्तार केवळ उलगडा नव्हे. त्यात कवीची स्वतःची निर्मितीही आहे.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो मानसशास्त्रात. सिग्मंड फ्रॉइड याचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर वर्ष मात्र १९०० असे छापले होते. स्वप्न लिहून काढले तर अर्धे पान भरते, पण त्यामागील विचार मांडू गेल्यास सहा, आठ किंवा बारा पट जागा लागते, असे त्याने त्यात दाखविले. त्याच्या एका स्वप्नात वनस्पतीवरील एक ग्रंथ दिसला. त्या एका चित्रात दुकानाच्या खिडकीत आदल्या दिवशी दिसलेले पुस्तक, पत्नीचे आवडते फूल आणि कोका वनस्पतीवर १८८४ मध्ये स्वतः लिहिलेला निबंध, असे अनेक धागे एकत्र आले होते. स्वप्नाच्या या दृश्य रूपास व्यक्त आशय व त्यामागील विचारांस सुप्त आशय म्हणतात.

हा सारांश नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सारांश महत्त्वाचे ठेवतो व गौण टाकतो. स्वप्न अनेकदा एखादी क्षुल्लक गोष्ट पुढे करते, कारण तिच्यात अनेक धाग्यांची गाठ पडते. वाफेच्या बाबतीत जे सुप्त ते संघनन होताच बाहेर पडते; स्वप्नात जे सुप्त ते आतच राहते व विश्लेषणाने शोधावे लागते. फ्रॉइडची उपपत्ती सर्वमान्य नाही. १९७७ मध्ये हॉब्सन व मॅकार्ले यांनी स्वप्नांचा उगम निद्रेतील मेंदूच्या क्रियांमध्ये शोधला. तथापि, ती मान्य असो वा नसो, फ्रॉइडला काय म्हणावयाचे होते ते वाचकास नीट कळावयास हवे.

फ्रॉइडने वापरलेल्या जर्मन शब्दाचा अर्थ ‘दाट करणे, दाबून घट्ट करणे’ असा आहे. वाफेचे पाणी होण्यास त्या भाषेत सामान्यतः दुसरा शब्द वापरतात. म्हणजे इंग्रजी अनुवादात जी सरमिसळ झाली ती मराठीने पुढे चालवावी असे बंधन नाही. स्वप्नाच्या संदर्भात ‘संक्षेप’ म्हटल्यास सारांशाचा भास होतो. ‘संघनन’ म्हटल्यास वाफेची आठवण येते, पण दाट होण्याचा भाव तरी टिकतो. म्हणून मानसशास्त्राच्या पुस्तकात दुसरी संज्ञा घेतली तरी ती पहिल्यांदा येईल तेथेच तिचा विशेष अर्थ स्पष्ट करणे इष्ट होय.

दूध आटते, वाफ सांद्र होते, वीज साठते, उतारा संक्षिप्त होतो आणि स्वप्नात अनेक विचार एका चित्रात मिसळतात. मराठीत यांना स्वतंत्र क्रियापदे आहेत, ही उणीव नसून सोय आहे. शब्दकोशातील पहिला प्रतिशब्द उचलण्यापूर्वी अनुवादकाने वरील तीन प्रश्न विचारले, तर मातृभाषेतून शिकणारा विद्यार्थी शब्दाबरोबर संकल्पनाही अचूक शिकेल.