मेंदू आणि समुपदेशनातली प्राध्यापकी: पैसे कुठे घालावेत?

आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला शिकवायचं-संशोधन करायचं आहे की रुग्ण तपासायचे आहेत? दोन्हींचे परवाने वेगळे आणि खर्चही वेगळे. चुकीच्या वाटेवर लाखभर घालवून मग परत फिरणारे बरेच दिसतात.

प्राध्यापकीची वाट एम.ए. किंवा एम.एस्सी.ला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) मिळवून नेटकडे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेकडे) जाते. नेटचा अर्ज खुल्या गटाला १,१५० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला ६००, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ३२५. या परीक्षेत जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली, तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये हातात येतात. पाच वर्षांचे सरळ २४ लाख, घरभाडे भत्ता वेगळा. त्यामुळे क्लासची फी भरायचीच असेल तर याच परीक्षेसाठी भरा. मात्र जेआरएफसाठी वयाची अट ३० आहे; महिला आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट. जेआरएफ हुकली तरी वाट बंद होत नाही. पीएच.डी.साठी बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (इतर मागास, भटके-विमुक्त) यांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

मेंदूवर काम करणाऱ्यांना खरा चटका बसतो तो इथे. सामाजिक शास्त्रांतल्या जेआरएफला आकस्मिक खर्चासाठी सुरुवातीला वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यात एमआरआय स्कॅनवर आधारलेला प्रबंध होणार कसा? म्हणून मार्गदर्शक ठरवण्याआधी सरळ विचारा: ईईजी यंत्र विभागाचं आहे का, स्कॅनचे पैसे कोणत्या प्रकल्पातून येणार? उत्तर गुळमुळीत आलं तर विषय बदला किंवा विद्यापीठ.

दूरशिक्षणाने एम.ए. स्वस्तात उरकू, हा विचार आता सोडा. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत.

रुग्ण तपासायचे असतील, तर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठीची रुळलेली पदवी म्हणजे दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. तिचे प्रवेश यूजीसीने फक्त २०२५-२६पर्यंत चालू ठेवू दिले होते. पुढच्या वाटेसाठी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा, संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

राहता राहिली शनिवार-रविवारची 'ब्रेन-बेस्ड थेरपी'ची प्रमाणपत्रं. उत्सुकता म्हणून जा, पण त्यांनी नोंदणी मिळत नाही आणि प्राध्यापकपदासाठी नेट किंवा पीएच.डी.ची जागाही ती घेत नाहीत. त्यातल्या न्यूरोफीडबॅकचंच (मेंदूच्या लहरी दाखवून दिलेल्या प्रशिक्षणाचंच) पाहा: अतिचंचल मुलांवरच्या अमेरिकेतल्या एका काटेकोर चाचणीत खरे उपचार खोट्यापेक्षा सरस ठरले नाहीत. शिकवणाऱ्याला हे माहीत आहे का, एवढं फी भरण्याआधी विचारून घ्या.

कायमस्वरूपी सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. पण जागा निघेपर्यंत अनेकांना तासिका तत्त्वावर काढावं लागतं, आणि सुट्टीच्या महिन्यांत तास नाहीत म्हणजे मानधनही नाही. अंदाजपत्रकात ही वर्षं जरूर धरा.